मदत हवी आहे: कलरीमीटरचा ग्राफ मध्येच आडवा होतोय

शाळेत मुलांकडून कलरीमीटरवर (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र) ग्लुकोजचा कॅलिब्रेशन कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांच्या रीडिंगवरून काढलेला ग्राफ) काढून घेतेय. ०.२ ते १ टक्का अशी पाच सोल्युशन्स केली, प्रत्येकाचं २ मिली घेऊन त्यात २ मिली बेनेडिक्ट (कॉपरचं निळं द्रावण; ग्लुकोजबरोबर तापवलं की त्यातल्या कॉपरचा विटकरी साका होतो), उकळत्या पाण्यात सगळ्यांना सारखाच वेळ, मग गार करून लाल फिल्टर लावून रीडिंग. निळा रंग लाल प्रकाश शोषतो, त्यामुळे ग्लुकोज जास्त तितका निळा कमी आणि ॲब्सॉर्बन्स (शोषलेल्या प्रकाशाचं माप) कमी, हे मुलांना छान कळलंय. पण ०.६ पर्यंत रेषा व्यवस्थित उतरते आणि पुढे जवळपास आडवीच. मला वाटतं बेनेडिक्टमधलं कॉपर तिथंच संपत असावं. बरोबर आहे का? मग बेनेडिक्ट वाढवू की ग्लुकोज अजून पातळ करू?

दुसरी अडचण जास्त छळतेय. तो विटकरी साका क्युव्हेटमध्ये (रीडिंगसाठी द्रावण भरायचं छोटं पारदर्शक भांडं) तरंगत राहतो, एकाच नमुन्याचं आधी ०.४२ आलं न पाच मिनिटांनी ०.३५. साका प्रकाश विखुरतो म्हणून रीडिंग वाढतं हे माहितीय, पण सेंट्रिफ्यूज (जोरात फिरवून साका खाली बसवणारं यंत्र) नाहीये आमच्याकडे. फिल्टर पेपरने गाळलं तर चालेल का, की रात्रभर ठेवून वरचं निवळ घ्यावं? रात्रभरात निळा रंग बदलत नाही ना?

क्युव्हेट दरवेळी पुसतो, गुळगुळीत बाजू प्रकाशाकडे ठेवतो, डिस्टिल्ड वॉटरने शून्य करतो. एका मुलीने तीनदा नव्याने सगळं केलं, तिला नीट उत्तर द्यायचंय. कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर प्लीज सांगा.