मदत हवी आहे: 'साइट स्लो आहे' या तक्रारीला काय उत्तर द्यावं?

नमस्कार मंडळी, मी एका छोट्या होस्टिंग कंपनीत सपोर्टला आहे. स्लो साइटचं तिकीट आलं की आमचं ठरलेलं उत्तर असतं: 'प्लगइन बंद करून बघा, नाहीतर मोठा प्लॅन घ्या.' मला हे अजिबात पटत नाही.

परवा ऑनलाइन पैठण्या विकणाऱ्या एका ताईंचं तिकीट होतं. त्यांच्या व्हीपीएसवर (एका मोठ्या मशीनचे भाग करून दिलेला आभासी सर्व्हर) सीपीयूचा वापर दाखवणारी टॉप कमांड चालवली, तर 'एसटी'चा (स्टील, म्हणजे सीपीयूची वाट बघण्यात गेलेला वेळ) आकडा २० टक्क्यांच्या वर. म्हणजे खालच्या मशीनवर गर्दी झालेली, त्यांच्या वाट्याचा सीपीयू त्यांना मिळतच नव्हता. यात त्यांची साइट चालवणाऱ्या वर्डप्रेसचा काय दोष?

कधी क्वेरीही (साइटने डेटाबेसकडे केलेली माहितीची मागणी) जड असते, नाही असं नाही. पण मायएसक्यूएल या डेटाबेसचा स्लो क्वेरी लॉग (वेळखाऊ क्वेरींची नोंदवही) मुळात बंद असतो. चालू केला तरी मर्यादा १० सेकंदांची, त्यामुळे तीन-चार सेकंद खाणारी क्वेरी त्यात दिसतच नाही. मर्यादा १ सेकंदावर आणावी लागते.

होस्टिंगमध्ये काम करणाऱ्यांनी कृपया सांगा: हे आकडे तुम्ही ग्राहकाला जसेच्या तसे पाठवता का? दोष आपल्या मशीनचा निघाला तर तसं लेखी कळवता का? आणि मोठा प्लॅन गळ्यात मारण्याआधी एवढी तपासणी व्हायलाच हवी, हे साहेबांना कसं पटवून द्यायचं?