अनुभव धागा: "आ करा, जीभ वर करा" – कारागृहातील रुग्णसेवा

गोदाकाठची आजी

गेल्या आठवड्यात नातवाला ताप होता. त्याला गोळी दिली, पाणी दिले आणि माझ्या तोंडून सहज निघून गेले, "आता आ कर, जीभ वर कर, गाल दाखव." तो सात वर्षांचा आहे, त्याने निमूटपणे सगळे दाखवले, पण सून स्वयंपाकघराच्या दारातून माझ्याकडे पाहतच राहिली. मला सेवानिवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी ते वाक्य गेलेले नाही. त्याआधी अकरा वर्षे मी कारागृहाच्या दवाखान्यात परिचारिका होते. कारागृह कोणते, ते मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथली माणसे ओळखू येऊ नयेत. आता नाशिकरोड कारागृहाजवळच्या जेलरोडला राहते म्हणून कोणी तसा अर्थ काढू नये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. झोपेच्या आणि मानसिक आजाराच्या गोळ्यांना बराकीत किंमत असते. कोणी गोळी गालात धरून नेतो आणि विडीच्या बदल्यात देतो. कोणी साठवून ठेवतो आणि एखाद्या रात्री सगळ्या एकदम घेतो. दुसऱ्या प्रकाराच्या धास्तीने आम्ही प्रत्येकाचे तोंड उघडून पाहत असू. रोज पन्नास-साठ माणसांकडे संशयाने पाहायचे आणि त्यांतलाच एखादा "दुखतंय" म्हणाला की त्याच्यावर विश्वासही ठेवायचा, ही या कामातली सर्वांत अवघड गोष्ट आहे.

यात माझ्याकडून एकदा चूक झाली. एका बंद्याने यापूर्वी दोनदा गोळ्या लपवल्या होत्या. त्याने सकाळी छातीत कळ येत असल्याचे सांगितले. ईसीजी काढला, तो ठीक आला. संध्याकाळी बराकी बंद होण्याच्या सुमारास शिपायाने पुन्हा निरोप आणला आणि म्हणाला, "सिस्टर, त्याचं नेहमीचं आहे." मी औषधांची रांग संपवली आणि मगच त्याच्याकडे गेले. त्यात चाळीस मिनिटे गेली. पहिला ईसीजी ठीक आला म्हणजे हृदयविकार नाही असे होत नाही, तो पुन्हा काढावा लागतो, हे मला पक्के ठाऊक होते. तो घामाने भिजलेला होता आणि या वेळी ईसीजी ठीक नव्हता. ॲस्पिरिनची गोळी दिली आणि म्हटले, "गिळू नका, चावून खा." पुढे पोलीस पथक येऊन त्याला बाहेरच्या रुग्णालयात नेईपर्यंतचा वेळ मी घड्याळाकडे पाहत काढला.

ज्यांनी आत काम केले आहे, किंवा ज्यांचे कोणी आत होते, त्यांनी जरूर लिहावे. कृपया कोणाचे नाव, गाव आणि गुन्हा लिहू नये.

ब्रदर, सिन्नर

आजी, विश्वासाचाच प्रश्न आमच्याकडे नवीन आमद, म्हणजे नव्याने दाखल झालेले बंदी, आली की पहिल्या तीन रात्री उभा राहत असे. रोज दारू पिणारा माणूस अटक होतो, न्यायालयात उभा राहतो आणि आत येतो, तोवर शेवटच्या घोटाला एक-दोन दिवस उलटून गेलेले असतात. मग हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसू लागतात, कोणी हाका मारत असल्याचे ऐकू येते. बराकीतले लोक म्हणतात, अंगात आले. पहाऱ्यावरचा म्हणतो, सोंग आहे. वेळेवर ओळखले नाही तर यात झटके येऊन माणूस दगावू शकतो. म्हणून प्रवेशाच्या तपासणीत मी "दारू पितोस का?" असे विचारणे सोडून दिले, कारण त्याला सगळे नाही म्हणतात. "शेवटची कधी घेतली?" असे विचारू लागलो, तेव्हा खरी उत्तरे येऊ लागली. सलाइनमधून ग्लुकोज द्यायच्या आधी बी-१ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन द्यायचे, हे आमच्या मिश्रकांनी (फार्मासिस्टनी) माझ्याकडून अक्षरशः घोकून घेतले होते.

एक जण चौथ्या दिवशी शुद्धीवर आला आणि म्हणाला, "साहेब, मी काल कोणाला मारलं तर नाही ना?" त्याने कोणालाही मारले नव्हते. तसे मी त्याला सांगितले, तेव्हा तो बराच वेळ रडला.

रेणुका_पंचवटी

मी कारागृहात नव्हते, एका शासकीय रुग्णालयात प्रसूती विभागात होते. तिथे एका न्यायाधीन महिलेला कळा सुरू असताना आणले आणि तिचा पाय साखळीने खाटेला बांधला. सोबतची शिपाईबाई वाईट नव्हती. "ही पळाली तर माझी नोकरी जाईल," एवढेच ती म्हणाली. तिच्याशी वाद घालून उपयोग नव्हता. मी डॉक्टरांकडून केसपेपरवर "प्रसूतीसाठी बंधन काढणे आवश्यक" असे लिहून, सही करून घेतले आणि तो कागद तिच्या हातात दिला. आता जबाबदारी तिची एकटीची राहिली नव्हती, त्यामुळे तिने लगेच कुलूप काढले. कळा, प्रसूती आणि त्यानंतरचा लगेचचा काळ यांत स्त्रीला बांधून ठेवू नये, असे बंद्यांना कसे वागवावे याविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या मंडेला नियमांत स्पष्ट लिहिले आहे, हे मला नंतर कळले. त्या रात्री मला नियम माहीत नव्हता. त्या बाईला कूस बदलता येत नव्हती, एवढे दिसत होते.

जेलरोडकर

आम्ही दरवर्षी बंद्यांनी घडवलेली गणपतीची मूर्ती घरी आणतो. त्या हातांना कधी जखम होत असेल आणि ती कोणीतरी बांधत असेल, हा विचार आजवर मनात आला नव्हता. आपण सर्वांनी लिहीत राहावे, ही विनंती.

एक बहीण

माझा भाऊ दीड वर्ष आत होता. त्याला तिथेच क्षयरोग असल्याचे कळले. मुलाकातीला गेले की तो जाळीपासून लांब उभा राहायचा, मला वाटायचे रागावला आहे. नंतर समजले की मला लागण होऊ नये म्हणून तो तसे करत होता. तिथल्या सिस्टरने त्याला सांगितले होते की या गोळ्यांनी लघवी नारिंगी होईल, घाबरू नकोस. आणि खुद्द नेल्सन मंडेलांनाही तुरुंगात असताना १९८८ मध्ये हाच आजार झाला होता, तेव्हा यात लाज बाळगण्यासारखे काही नाही. सिस्टरचे हे मंडेलांविषयीचे वाक्य तो आजही घरी सांगतो. त्याला जामीन मिळाला तेव्हा गोळ्यांचा तिसरा महिना चालू होता. संध्याकाळी सुटका झाली आणि हातात एकही गोळी नव्हती.

ब्रदर, सिन्नर

ताई, हेच आमचे कायमचे दुखणे होते. उपचार किमान सहा महिन्यांचे असतात आणि जामिनाचा आदेश काही गोळ्यांचा हिशोब पाहून येत नाही. शेवटी मी क्षयाच्या प्रत्येक रुग्णाला तारखेला जाताना निक्षय क्रमांक (क्षयरुग्णाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) लिहिलेली चिठ्ठी खिशात ठेवायला लावू लागलो. तो क्रमांक दाखवला की कुठल्याही शासकीय केंद्रात उपचार पुढे चालू ठेवता येतात. भावाचे उपचार पूर्ण झाले ना?

एक बहीण

हो, पूर्ण झाले. तीन दिवस खंड पडला, मग आमच्या भागातल्या आशाताईंनी सगळे मार्गी लावले.

सुनंदा, म्हसरूळ

महिला विभागात आईसोबत सहा वर्षांपर्यंतची मुले राहू शकतात. मी त्यांच्या लसीकरणासाठी जात असे. पहिल्या दिवशी मी "रांगेत या" म्हटले, तर पाच वर्षांची एक मुलगी आणि तिच्याहून लहान मुलगा न सांगता जोडीने उकिडवे बसले, हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान खाली घातली. ते गणतीला, म्हणजे बंद्यांच्या रोजच्या मोजणीला बसतात तसे, बसले होते. मी त्यांना उभे राहायला सांगितले, तर ती मुलगी आधी पहारेकरीबाईंकडे पाहू लागली. त्या दिवसापासून मी रांग लावणे बंद केले; खाली बसून एकेकाला नावाने हाक मारत असे. नावाने बोलावले की ती मुले धावत यायची, पुढे सुई आहे हे माहीत असूनही.

जीएनएम_तृतीय वर्ष

मी देवळाली कॅम्पला राहते. कारागृहातल्या पदाची जाहिरात आली तर अर्ज करावा, असे मनात आहे. घरचे नको म्हणतात. ताई, भीती वाटते का?

गोदाकाठची आजी

पहिला महिना वाटते, हे तुला खरे सांगते. नंतर दिवसाच्या कामात ती मागे पडते, मात्र सावधपणा सुटता कामा नये. सुया, ब्लेड, कात्री यांची मोजणी पाळी सुरू होताना आणि संपताना स्वतः करायची, दुसऱ्याच्या आकड्यावर सही करायची नाही. मोबाइल फाटकावरच जमा होतो. घरचा पत्ता, मुलांच्या शाळा यांविषयी आत बोलायचे नाही. कोणाची चिठ्ठी बाहेर न्यायची नाही, ती आईला लिहिलेली असली तरीही. त्यासाठी अधिकृत मार्ग असतो आणि तो त्याला समजावून सांगणे हे तुझे काम आहे. आणि गुन्हा विचारायचा नाही. मी सुरुवातीला एकदा एकाची नोंद वाचली आणि त्यानंतर त्याची पट्टी बदलताना माझा हात जड झाला, हे मला स्वतःला जाणवले. जखम तीच होती. तेव्हापासून मी केवळ आजाराची पाने वाचली.

आणखी एक गोष्ट. तुझी वरिष्ठ डॉक्टर असेल, पण टाळे उघडायचे की नाही हे दुसरे कोणी ठरवणार. त्याच्याशी भांडू नकोस. वेळ, नाडी, रक्तदाब आणि "तातडीने पाठवणे आवश्यक" एवढे लिहून त्याच्यासमोर ठेव. रेणुकाताईंनी तेच केले. तोंडी सांगितलेले विसरले जाते. लिहिलेल्या वेळेखाली मात्र कोणालातरी उत्तर द्यावे लागते. घरच्यांना हा धागा वाचायला दे आणि मग ठरव.

ब्रदर, सिन्नर

आजी, त्या छातीत कळ आलेल्या बंद्याचे पुढे काय झाले, ते आपण लिहिले नाही.

गोदाकाठची आजी

तो वाचला. बारा दिवसांनी परत आला आणि संध्याकाळी औषधांच्या रांगेत शेवटी उभा राहिला. त्या चाळीस मिनिटांबद्दल मला त्याची क्षमा मागायची होती. मी वाक्यही जुळवून ठेवले होते. त्याची पाळी आली, त्याने गोळ्या घेतल्या, पाणी प्यायले आणि मी काही बोलण्याआधीच तोंड उघडून जीभ वर केली. मी म्हटले, "राहू द्या, तुम्ही नका दाखवू." तो तसाच थांबला, मी वाकून पाहीपर्यंत. मग मी पाहिले. तोंड रिकामे होते.