मदत हवी आहे: 'कूपमंडूक' नेमकं कुणाला म्हणायचं?

कूपमंडूक म्हणजे विहिरीतला बेडूक, इथवर ठीक. विवेकानंदांनी १८९३ मध्ये शिकागोत सांगितलेल्या गोष्टीत तर हा बेडूक समुद्राहून आलेल्यालाच खोटारडा ठरवून हाकलायला निघतो. मग ज्याला बाहेरचं जग बघायलाच मिळालं नाही तो कूपमंडूक, की बघायचंच नाही म्हणून अडून बसलेला? पहिल्याला हा शब्द लावणं मला तरी अन्यायाचं वाटतं.

'आमच्याकडे असलं चालत नाही' म्हणत प्रत्येक सूचना उडवून लावणाऱ्यांबद्दल मी 'कूपमंडूक वृत्ती' असं लिहिलंय. संपादक म्हणतात, 'संकुचित' करा. पण त्यात ती घमेंड कुठे येते? 'प्रांतीयता' लिहावं तर गाडी थेट राजकारणात.

आणि हो, भाववाचक नाम कूपमंडूकता की कूपमंडूकपणा? जाणकारांनी कृपया सांगावं.