मदत हवी आहे : थंडी पडल्यापासून सकाळी गाडी चालूच होत नाही, बॅटरी नवीन आहे

पहाटवारी : आठ दिवस झाले, रोज सकाळी तेच. सेल्फ मारतो, इंजिन फिरतं, पण पकडत नाही. मारून मारून शेवटी बॅटरी बसते. दुपारी ऊन लागलं की पहिल्या झटक्यात चालू. बॅटरी मागच्याच महिन्यात नवीन टाकली आहे, त्यामुळे बॅटरी बघा असं कृपया कुणी सांगू नका. आज मेकॅनिकने सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले, काडीचा फरक नाही. उद्या पाचला आईला घेऊन निघायचं आहे. नेमकं माहीत असेल त्यांनी लवकर सांगा.

दुचाकीस्वार : चोक ओढता का? थंडीत चोक पूर्ण ओढायचा आणि रेस अजिबात द्यायची नाही. बरेच जण चोकही ओढतात आणि रेसही पिळतात, मग चोक ओढून उपयोग राहत नाही. माझ्या जुन्या बाइकची चोकची केबल सैल पडली होती. खटका पूर्ण यायचा, पण कार्बोरेटरवरची पट्टी अर्धीच फिरायची. दोन हिवाळे मी उगाच किका मारत होतो.

सांधेजोड : कुठली गाडी? पेट्रोल की डिझेल? साल कुठलं? पकडत नाही म्हणजे एकदाही फुटत नाही, की फुटून बंद पडते?

पहाटवारी : चारचाकी आहे हो. जीप. चोक वगैरे काही नाही तिला.

सांधेजोड : म्हणजे डिझेल?

पहाटवारी : डिझेलच. १९९७ चं मॉडेल.

तेलकट_हात : इंजिन ऑइल कोणतं आहे? २०डब्ल्यू-५० असेल तर तिथेच घोडं अडलंय. थंडीत ते मधासारखं घट्ट होतं आणि सेल्फला इंजिन ओढत नाही. १५डब्ल्यू-४० टाका, प्रश्न मिटेल.

जुना_पाना : असं सरसकट सांगू नका. जुन्या इंजिनात फटी वाढलेल्या असतात, पातळ ऑइल टाकलं की प्रेशर पडतं आणि धूर सुरू होतो.

तेलकट_हात : डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या वाहण्याचा असतो, काका. इंजिन गरम झाल्यावर मोजायचा तो पुढचा. ५० ऐवजी ४० झाल्याने धूर सुरू होत असेल तर दोष ऑइलचा नाही, पिस्टनच्या रिंगांचा आहे.

जुना_पाना : मी तीस वर्षं डिझेल इंजिनं बांधतोय. रिंगा मलाही कळतात.

सांधेजोड : ऑइलचं नंतर बघा. ते म्हणताहेत इंजिन फिरतं आहे. पहाटवारी, तीन गोष्टी सांगा : तुमच्याकडे सकाळी तापमान किती असतं, सेल्फ मारताना सायलेन्सरमधून धूर येतो का आणि येत असेल तर कुठल्या रंगाचा?

काचसफाई : अशा दिवसांत समोरची काच आतून धुरकट होत असेल तर एसी लावून गरम हवा काचेवर सोडा. एसी हवेतला दमटपणा काढतो, काच मिनिटात स्वच्छ होते. फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात.

पहाटवारी : काचेचं काही नाही हो, गाडी चालूच होत नाहीये! धुराकडे कोण बघतंय त्या वेळी. सहा-सात अंश असतं सकाळी.

गोठणबिंदू : मग डिझेल गोठतंय. डिझेलमध्ये मेण असतं, थंडीत ते फिल्टरमध्ये अडकतं. टाकीत थोडं रॉकेल मिसळा.

सांधेजोड : सहा-सात अंशांना हिवाळ्यातल्या डिझेलचं मेण सहसा धरत नाही. आणि रॉकेलने पंपाचं वंगण कमी होतं. जुना पंप डिझेलवरच घासत जगत असतो, त्याला कोरडं पाडू नका. पहाटवारी, आता मुद्दाम बाहेर जा, गाडी गार झालीच असेल. एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही मागे उभे राहा. दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मग मिनिटभर थांबा, नाहीतर नवे ब्रशही जळतील.

धुरावर सगळं अवलंबून आहे म्हणून मागे लागलोय. अजिबात धूर नसेल तर डिझेल नोझलपर्यंत, म्हणजे ते इंजिनात फवारलं जातं तिथपर्यंत, पोचतच नाही. बहुधा रात्रीतून लाइनमध्ये हवा धरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. पांढरा धूर असेल तर डिझेल येतंय, पण पेटत नाही.

जुना_पाना : एवढं कशाला. एअर फिल्टर काढून ईथरचा स्प्रे मारा, लगेच उठेल. नाहीतर पेटतं फडकं मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या नळीच्या, तोंडाशी धरा, आम्ही कायम तेच करत आलो.

सांधेजोड : कृपा करून हे करू नका. १९९७ ची जीप, बहुधा प्री-चेंबरचं इंजिन (डिझेल आधी बाजूच्या छोट्या कप्प्यात पेटतं ते), म्हणजे तो कप्पा तापवणारे हीटर प्लग असणार. चांगल्या प्लगचं टोक आठशे अंशांपुढे तापतं. त्यावर ईथर गेलं तर पिस्टन वर यायच्या आधीच भडकतं. पिस्टनची रिंगांमधली भिंत तुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. पेटत्या फडक्याने किती गाड्यांची वायरिंग गेली असेल.

जुना_पाना : माझ्या हातून एकही गेली नाही. पण हीटर चालू ठेवून ईथर मारू नये, हे मान्य.

पहाटवारी : बघितलं. पांढरा धूर येतो, बऱ्यापैकी, आणि डोळ्यांना झोंबतो. हीटरचं म्हणाल तर हीटर ठीक आहे. चावी फिरवली की डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लागतो आणि सात-आठ सेकंदांनी विझतो. तेव्हाच सेल्फ मारतो.

सांधेजोड : हे आधी सांगायला हवं होतं. तो दिवा प्लग तापले म्हणून विझत नाही. बहुतेक जुन्या गाड्यांत तो नुसता टायमरवर चालतो. चारही प्लग मेले तरी तो तितक्याच इमानाने लागतो आणि विझतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा वीस-बावीस पट दाबली जाते, त्या उष्णतेने डिझेल पेटतं. गार इंजिनाचं लोखंड ती उष्णता शोषून घेतं, आणि प्री-चेंबरच्या इंजिनात तर भिंतीच जास्त. ती तूट प्लग भरून काढतात. दुपारी उन्हाने लोखंड कोमट होतं, मग प्लगशिवायही भागतं. तुमचं वर्णन याच्याशी जुळतंय.

आता तपासा. चारही प्लगांच्या डोक्यावरून जाणारी पट्टी सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या डोक्याला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. एक ओहमच्या आसपास दाखवलं तर प्लग जिवंत. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटलीय. मीटर नसेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक प्लगच्या डोक्याला टेकवा. पेटला नाही तर प्लग गेला. मग पट्टीपर्यंत करंट येतो का तेही बघा, कारण चार प्लग मिळून चाळीस अँपिअरच्या वर सहज खेचतात आणि रिलेचे (प्लगांना करंट जोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळतात.

विजेरी : माफ करा, पण इतक्या जुन्या डिझेल गाडीवर एवढा वेळ घालवण्यापेक्षा ती काढून इलेक्ट्रिक घ्या. ना प्लग, ना धूर.

पहाटवारी : वडिलांची गाडी आहे. विकायची नाही. हा विषय नको.

जुना_पाना : बरोबर आहे तुमचं. ही इंजिनं नीट ठेवली तर माणसाला पुरून उरतात. प्लग काढताना घाई करू नका. इंजिन कोमट असताना, आधी मुळाशी तेल सोडून, पाना जरा उलटा-जरा सुलटा करत काढा. गार इंजिनात जोर लावला तर प्लग आत मोडतो आणि मग हेड उतरवावं लागतं.

पहाटवारी : मीटर लावला. एक नंबर ०.९ ओहम. दोन, तीन, चार काहीच दाखवत नाहीत. तिन्ही गेले! आता रात्री कुठे मिळणार प्लग? सकाळी काय करू?

जुना_पाना : गाडी आत्ताच उतारावर तोंड करून लावा, बॉनेटवर जाड गोधडी टाका. बॅटरी काढून घरात ठेवा, गार बॅटरीची ताकद उतरते. सकाळी हीटर लागोपाठ दोनदा द्या, मगच सेल्फ. नाहीच झालं तर दुसऱ्या गिअरमध्ये उतारावर सोडा. आईंना गाडी चालू झाल्यावरच बसवा.

तेलकट_हात : आणि बॅटरी रात्रभर चार्जरला लावा. तुम्ही नको म्हणालात, तरी सांगतो. आठ दिवस बसवून बसवून नवी बॅटरीही अर्धी झाली असेल. लोड नसताना १२.६ व्होल्ट दाखवायला हवी. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी उतरलीय. इंजिनपासून चॅसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जाणारी अर्थिंगची पट्टी सडली नाही ना, तेही बघा.

दुचाकीस्वार : धाग्यावर मंडळी आहेतच तर विचारतो. बाइकचा प्लग काळा आणि ओला निघतो, म्हणजे चोक जास्त होतोय का?

पहाटवारी : त्या दिवशी उतारावर सोडून चालू झाली, वेळेत पोचलो. काल चारही प्लग नवे टाकले. आज सकाळी सहा अंशांना, आठ सेकंद हीटर देऊन, दुसऱ्या फिरकीला पकडली. पहिली वीस-पंचवीस सेकंद थोडा पांढरा धूर आणि टकटक आवाज होता, मग दोन्ही थांबले. हे चालेल का? वडील अंगणात येऊन उभे राहिले होते आवाज ऐकून.

सांधेजोड : चालेल. जुन्या नोझलला तेवढं होतंच. बॅटरी किती दाखवतेय?

पहाटवारी : रात्रभर चार्ज करून १२.५. सेल्फ मारताना ९.४ वर जाते.

तेलकट_हात : अर्थिंगची पट्टी बघितली का?

पहाटवारी : नाही अजून. रविवारी खाली शिरतो.