मदत हवी आहे: पायाची आखणी, २२ फूट ६ इंच × १६ फूट, कर्ण किती यायला हवा?

नमस्कार मंडळी,

घरामागे एक खोली काढतोय. सोमवारी पायाची खोदाई आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर फार बरं होईल.

मिस्त्रींनी खुंट्या ठोकून दोरी बांधली आहे. समोरची बाजू २२ फूट ६ इंच, आडवी १६ फूट. समोरासमोरच्या बाजू टेपने जुळतात. एका कोपऱ्यात दोरीवर ३ आणि ४ फुटांच्या खुणा करून तिरकं अंतर ५ फूट भरतं हे त्यांनी दाखवलं. म्हणजे कोपरा गुण्यात (काटकोनात) आहे, असं त्यांचं म्हणणं.

मी हिशेब केला: ५०६.२५ अधिक २५६, बरोबर ७६२.२५, वर्गमूळ २७.६१. टेपवर मात्र एक कर्ण २७ फूट ९ इंच, दुसरा २७ फूट साडेपाच इंच. मिस्त्री म्हणतात, प्लॅस्टरमध्ये निघून जाईल. मला ते पटत नाही. आत मोठ्या चौकोनी फरश्या बसवायच्या आहेत, भिंतीकडेच्या तुकड्यांत हा तिरकेपणा उघडा पडेल.

टेपवर २७.६१ कुठे धरायचं? आणि कुठली खुंटी हलवायची? मिस्त्री जुने, जाणते आहेत. त्यांना दुखवायचं नाही.

प्रतिसाद १

दादा, २७.६१ म्हणजे २७ फूट ६ इंच नव्हे. ०.६१ ला १२ ने गुणा, ७.३ येतात. टेपवर २७ फूट ७ इंच आणि वर अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग).

३-४-५ ची रीत बरोबरच आहे, पण एवढ्या खोलीला माप लहान पडतं. ५ फुटांत दोन-अडीच सूत इकडेतिकडे झालं की १६ फुटांवर त्याचे दोन इंच होतात. ९-१२-१५ घ्या.

समोरची दोरी तशीच राहू द्या. मागच्या दोन्ही खुंट्या मागच्या दोरीच्याच रेषेत, मोठा कर्ण कमी होईल त्या बाजूला, दोन-दोन इंच सरकवा. एकच हलवलीत तर बाजूचं माप बिघडेल. टेप ताणून धरा, झोळ नको.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असताना दोन्ही कर्ण सारखे आले की चारही कोपरे काटकोनात, वर्गमूळ काढायचीही गरज नाही. मिस्त्रींना आकडे सांगू नका. टेपचं एक टोक त्यांच्या हातात द्या आणि दोन्ही कर्ण त्यांनाच वाचायला लावा. नवी मापं इथे टाका, खोदाईआधी पाहून सांगतो.