अ‍ॅनाटॉमीसाठी दोनच पुस्तकं घ्यायची तर कोणती?

नौपाडा_पेन्सिल:
चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली आहे, स्थिरचित्र ठीक जमतं. माणूस काढला की हात लाकडी होतात आणि खांदे हँगरवर टांगल्यासारखे. बजेट दोन पुस्तकांचं. घरात बहिणीचा मेडिकलचा अ‍ॅटलस आहे, तो चालेल का? आणि आकृती काढायला शिकवणाऱ्या पुस्तकांत ब्रिजमनचं की लूमिसचं?

ऐरोली_४बी:
अ‍ॅटलस सध्या राहू द्या. त्यातले स्नायू मृतदेहावरचे, सैल पडलेले, आणि कितीतरी पानं नसा-रक्तवाहिन्यांची. आपल्याला हवं ते कातडीवर काय उठून दिसतं आणि हालचालीत कसं बदलतं एवढंच. (१८५८ च्या 'ग्रेज अ‍ॅनाटॉमी'ची चित्रं काढणारे हेन्री कार्टर पुढे मुंबईतच, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला होते. पण ती चित्रंही डॉक्टरांसाठीच.)

आधी लूमिस, 'फिगर ड्रॉइंग फॉर ऑल इट्स वर्थ'. प्रमाण, तोल, पर्स्पेक्टिव्हमधली आकृती यासाठी. त्याची आदर्श आकृती आठ डोकी उंच (म्हणजे डोक्याच्या उंचीच्या आठपट), प्रत्यक्षातला माणूस साधारण साडेसात. ते माप तसंच उचललं तर भाजीवालाही मॉडेल दिसतो. दुसरं गोल्डफिंगरचं 'ह्यूमन अ‍ॅनाटॉमी फॉर आर्टिस्ट्स'. स्नायू कुठून निघतो, कुठे चिकटतो, आडव्या छेदात कसा दिसतो, सगळं आहे. महाग आहे, आणि सलग वाचायचं नाही. अडलं की उघडायचं. ब्रिजमन नंतर घ्या. छाती आणि कंबरेचे ठोकळे एकमेकांत कसे बसतात ते त्याच्याइतकं जोरकस कोणी दाखवत नाही, पण नवशिके ती फुगवलेली रेघ शेडिंगसकट उचलतात आणि मग सगळेच पैलवान.

तलावपाळी_रेखाटन:
विकत घेण्याआधी कोपर ते मनगट या भागाची पानं उघडा. तळहात वर असताना तिथली दोन हाडं समांतर असतात. खाली वळवला की अंगठ्याकडचं हाड, रेडियस, करंगळीकडच्या अल्नावरून तिरकं जातं. फक्त तळहात वर असलेला हात दाखवणारं पुस्तक परत ठेवा. तुमचा हात बहुधा इथेच लाकडी होतोय: मनगट फिरवलेलं, वरचे फुगवटे जागच्या जागी. कोपराच्या टोकापासून करंगळीकडच्या मनगटापर्यंत अल्नाची कड कातडीखाली सलग हाताला लागते, ती आधी काढा. खांद्याचंही तसंच. हात वर गेला की पाठीमागचं पातं फिरतं, कॉलरबोन उचललं जातं. नुसता दंड वळवून भागत नाही.

छपाईही बघा. स्वस्त कॉपीत मधल्या छटा काळ्या भरून येतात आणि नेमके बरगड्यांचे कंगोरे जातात.

नौपाडा_पेन्सिल:
आणि पानांची नक्कल किती करायची?

ऐरोली_४बी:
एक पान दोनदा: एकदा बघून, एकदा पुस्तक मिटून. मग फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त हाडांच्या खुणा: कॉलरबोनची टोकं, कोपर, कमरेच्या हाडाची पुढची टोकं, गुडघ्याची वाटी, घोटे. आतला घोटा बाहेरच्यापेक्षा वर असतो. उलटा काढलात तर पाय जमिनीवर टेकत नाही. त्यानंतर ठाण्याच्या तलावपाळीच्या बाकांवर न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा स्वस्त कागद) घेऊन समोरची माणसं काढा, पोझला दोन मिनिटं. सकाळची लोकल यासाठी निरुपयोगी, तिथे कोणाचेच खांदे स्वतःच्या जागी नसतात.