पदवीने काय दिले, पदवीवाचून काय अडले? (अनुभव धागा)

माझ्या पुतण्याची दहावी झाली असून त्याने आयटीआयला जावे की अकरावी विज्ञान घ्यावे, यावर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालू आहे. प्रत्येक जण ओळखीतले एखादे उदाहरण पुढे करतो आणि तिथेच बोलणे थांबते. म्हणून हा धागा काढत आहे. पदवी असल्यामुळे किंवा नसल्यामुळे तुमच्या कामात प्रत्यक्ष काय घडले, ते नेमक्या प्रसंगासह लिहावे, ही विनंती. सुरुवात माझ्यापासून करतो.

फिटर ट्रेडची दोन वर्षे पूर्ण करून मी 1998 मध्ये भोसरीतील एका टूलरूममध्ये शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचे मोल्ड, म्हणजे साचे, बनवणे आणि दुरुस्त करणे हे आमचे काम. पहिल्याच वर्षी एका मोल्डमधून निघणाऱ्या प्रत्येक नगाच्या कडेला पातळ पापुद्रा, म्हणजे आमच्या बोलीत फ्लॅश, येऊ लागला. मशीनवरची सगळी सेटिंग बदलून पाहण्यात दोन दिवस गेले. शेवटी आमच्या उस्तादांनी मोल्ड खाली उतरवायला लावला, एका अर्ध्या भागावर बोटाने निळा रंग अगदी पातळ पसरवला, दोन्ही भाग मिटवून पुन्हा उघडले आणि रंग कुठे उठला व कुठे उठला नाही हे मला बॅटरीच्या उजेडात दाखवले. एका कोपऱ्यात नखाएवढ्या जागेत रंग उठलाच नव्हता, कारण दुसऱ्या कोपऱ्यातली जागा किंचित उंच राहून मोल्ड पूर्ण मिटू देत नव्हती. ती ऑइलस्टोनने घासायची, पुन्हा रंग लावायचा, पुन्हा मिटवून पाहायचे, असे आम्ही संध्याकाळपर्यंत केले. ते शिक्षण मला कोणत्याही वर्गात मिळाले नसते असे मी आजही मानतो.

मात्र 2014 मध्ये विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा, ते काम आधीपासून मीच पाहत असूनही, मला ती मिळाली नाही. नव्या व्यवस्थापनाच्या नियमावलीत त्या पदासाठी अभियांत्रिकीची पदवी ही किमान अट होती, आणि माझ्या हाताखाली तीन वर्षे शिकलेला पदवीधर मुलगा माझा वरिष्ठ झाला. मुलगा गुणी होता, आजही आमचे चांगले आहे, परंतु त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांनी मला काम करताना पाहिले होते, त्यांच्यापैकी कोणीही कधी पदवी विचारली नव्हती. ती विचारली मला कधीही न पाहिलेल्या माणसांनी. पदवीचा प्रश्न मुळात इथे आहे असे मला वाटते. तुमच्या अनुभवात हे बसते का, की मी चुकतो आहे, हे कृपया सांगावे.

मनुष्यबळ विभाग, चाकण

आपला अनुभव वाचून मला अपराधी वाटले, कारण अशा नियमावल्या मी स्वतः लिहिल्या आहेत. पदवीची अट अनेकदा कामाच्या गरजेतून येत नाही, ती अर्जांची संख्या आवरण्यासाठी घातली जाते. एका जागेसाठी चारशे अर्ज आले आणि छाननीला दोनच दिवस असले, की पहिली चाळणी पदवीची लागते, कारण ती लावायला अर्जदाराला भेटावे लागत नाही. शिवाय ग्राहक कंपनीचे लोक ऑडिटला येतात, तेव्हा प्रत्येक पदासमोर लिहिलेली पात्रता आणि त्या खुर्चीतल्या माणसाची पात्रता जुळते का, हे पाहतात. एखाद्या अनुभवी माणसासाठी अट शिथिल करायची, तर कोणीतरी आपल्या सहीने तसा शेरा लिहावा लागतो. ती सही करायची वेळ माझ्यावर दोनदा आली. एकदा मी केली, एकदा केली नाही, आणि जिथे केली नाही तो माणूस महिन्याभरात नोकरी सोडून गेला.

संगणक क्षेत्र, न्यू जर्सी

धागाकर्त्यांचे म्हणणे माझ्या बाबतीत शब्दशः खरे ठरले. मी कोल्हापूरला तीन वर्षांची बी.एस्सी. केली आणि पुढे प्रोग्रॅमिंग कामावरच शिकलो. अमेरिकेत आलो तेव्हा प्रथमच कळले, की इथली पदवी चार वर्षांची असल्यामुळे आमची तीन वर्षांची पदवी तिच्या बरोबरीची धरली जाईलच असे नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसासाठी तीन वर्षांचा कामाचा अनुभव एका शैक्षणिक वर्षाच्या बदल्यात मोजता येतो, त्यामुळे तेव्हा निभावले. ग्रीन कार्डच्या, म्हणजे तिथल्या कायम वास्तव्याच्या परवान्याच्या, अर्जात मात्र ती बेरीज तशी चालत नाही, आणि वकिलांनी माझ्यासमोर गुणपत्रिका पसरून जे प्रश्न विचारले ते माझ्या वरिष्ठांनी दहा वर्षांत विचारले नव्हते. माझ्याबरोबर काम करणारा, माझ्याहून कमी अनुभवाचा एम.सी.ए. झालेला मित्र पदव्युत्तर पात्रतेच्या वरच्या वर्गातून अर्ज करू शकला. परदेशी जाण्याचा थोडा जरी विचार असेल, तर पदवी किती वर्षांची आहे हे प्रवेश घेतानाच पाहावे. जर्मनीने नोव्हेंबर 2023 पासून संगणक क्षेत्रातील अनुभवी लोकांना पदवीशिवायही ब्लू कार्डची, म्हणजे कुशल परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरी-वास्तव्य परवान्याची, वाट खुली केली आहे, पण तिथेही तुलनेने वरच्या दर्जाच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव कागदोपत्री दाखवावा लागतो. म्हणजे अनुभवाची प्रमाणपत्रे प्रत्येक नोकरी सोडतानाच मागून घ्यावीत. बंद पडलेल्या कंपनीकडून ती मिळवताना माझे चार महिने गेले.

कृषी सेवा केंद्र, तासगाव

मी थोडे वेगळे सांगणार आहे. माझे शिक्षण दहावी, आणि द्राक्षबागायतदारांना औषधे देण्याचा अनुभव वीस वर्षांचा. कीटकनाशकांच्या विक्रीसाठी शैक्षणिक पात्रतेचा नियम आला, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या दुकानदारांना परवाना टिकवण्यासाठी हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेची ‘देसी’ ही एका वर्षाची पदविका करावी लागली. वर्ग आठवड्यातून एकदा, बाजाराच्या सुट्टीच्या दिवशी असत. द्राक्षावरच्या रोगांपैकी डाऊनी कोणती आणि भुरी कोणती हे पान हातात घेताच सांगणाऱ्या माणसाला आता बाकावर बसून कोण काय शिकवणार, असा राग मनात धरूनच मी गेलो.

तिसऱ्या की चौथ्या वर्गात सरांनी आम्हाला आपापल्या दुकानातील बाटल्या आणायला सांगितल्या आणि नाव झाकून फक्त लेबलवरचा घटक वाचायला लावला. मी एकाच बागेला आठ दिवसांच्या अंतराने बदलून म्हणून जी दोन औषधे देत असे, त्या दोन्हींत घटक एकच निघाला. नाव बदलले, किंमत बदलली, औषध तेच. बुरशी एकाच घटकाला सरावते आणि मग कितीही फवारले तरी हटत नाही, हे तिथे समजले, आणि काही शेतकऱ्यांच्या बागा ऑक्टोबर छाटणीनंतर हाताबाहेर का गेल्या असतील याचा विचार मनात आला. त्यांपैकी दोघांच्या घरी जाऊन मी ते सांगितले. म्हणून पदवी म्हणजे नुसता कागद, असे कोणी म्हटले की मला पटत नाही. माझ्या अनुभवात एक भोक होते आणि ते अनुभवाने कधीच बुजले नसते.

मुख्यसेविका, अकोले तालुका

माझे लग्न अकरावीत असताना झाले. अंगणवाडी सेविका म्हणून बारा वर्षे काम केल्यावर मुख्यसेविकेच्या जागेची जाहिरात पाहिली, त्यात पदवी मागितली होती. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे हे मला ठाऊक नव्हते. बारावी न झालेल्यांसाठी तेव्हा तिथे पूर्वतयारी शिक्षणक्रम होता, त्यातून मी बी.ए.ला गेले. मुलांची वजने घेऊन, आहार वाटून, नोंदवह्या भरून दुपारी तीनला मोकळी झाले की अंगणवाडीतच सतरंजीवर बसून वाचायचे. संपर्कसत्राला रविवारी तालुक्याला जाण्यासाठी सासूबाईंनी घर सांभाळले, हे मी कधी विसरणार नाही. पुढच्या जाहिरातीच्या वेळी पदवी हातात होती.

मी केलेले काम वरिष्ठांनी पाहिलेले होते, त्यामुळे धागाकर्त्यांचा मुद्दा मला पूर्ण लागू नाही. सरकारी नोकरीत काम पाहिलेले असो वा नसो, अट ती अट. मात्र तीच अट असल्यामुळे कोणाच्या ओळखीपाळखीचा प्रश्न आला नाही, आणि माझ्यासारखीला ते फार सोयीचे होते.

दुग्धव्यवसाय, बार्शी

मी 2013 चा मेकॅनिकल अभियंता. पदवी होती म्हणून राज्यसेवा परीक्षेला बसता आले, आणि बसता आले म्हणून सात वर्षे बसत राहिलो. पुण्यात सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत एकाच खुर्चीवर चार वर्षे काढली. कमाल वयोमर्यादा 33 वरून 38 झाली तेव्हा आम्ही पेढे वाटले होते. आज वाटते की त्या पेढ्यांबरोबर माझी आणखी काही वर्षे गेली. गोठा सुरू करताना बँकेने पदवी विचारली नाही, तारण विचारले. दूध काढण्याचे यंत्र बिघडले की मी स्वतः उघडतो, एवढाच अभियांत्रिकीचा आजचा उपयोग.

जहाजावरील स्वयंपाकी, मडगाव

अठरा वर्षांत पदवी कोणी विचारली नाही. सुरक्षेच्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रे, सीडीसी (खलाशाच्या नोकरीच्या नोंदींची पुस्तिका), वैद्यकीय तपासणी आणि मागच्या जहाजाचा दाखला एवढे पुरे होते. गुडघे दुखू लागल्यावर जमिनीवरच्या हॉटेलात अर्ज केला, तिथे पहिल्याच फॉर्मवर पदवीचा रकाना आला.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तासगावच्या दादांनी माझा समज बराच हलवला, आणि अकोल्याच्या ताईंनी दुरुस्तही केला.

पुतण्याशी काल पुन्हा बोललो. त्याला हाताने काम करायचे आहे आणि वाट बंद होण्याची भीतीही आहे. दोन वर्षांचा आयटीआय ट्रेड केलेल्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला, आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, हे माझ्या वेळी मला कोणी सांगितले नव्हते. ते त्याला कागदावर काढून दाखवले. अडचण एकच, की आयटीआयनंतर पदविकेला गेलेली काही मुले गणितात अडकतात. म्हणून तो फिटरला प्रवेश घेणार आहे, आणि गल्लीतील निवृत्त शिक्षकांकडे आठवड्यातून तीन संध्याकाळ गणिताला जाणार आहे. त्यांना विचारून आलो. ते सोमवारपासून या म्हणाले.